पुस्तक जिथं आपोआप उघडतं

परत आलेलं पुस्तक काका लगेच कपाटात ठेवत नसत. आधी शिवणीच्या बाजूवर टेबलावर उभं करत, दोन्हीकडून तळहात लावून क्षणभर धरत आणि एकदम हात काढून घेत. पुस्तक कोसळायचं आणि कुठल्यातरी पानावर उघडं पडायचं. मग चष्मा कपाळावर सरकवून ते पान वाचायचे. अर्ध्या पानात त्यांचं काम व्हायचं. "हं" म्हणायचे, कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक ठिपका द्यायचे आणि पुस्तक मिटायचे. मिटताना आवाज होऊ द्यायचे नाहीत.

"काय पाहता, काका?" हे विचारायला मला तीन आठवडे लागले.

"लोक कुठं थांबले, थे पाहतो," ते म्हणाले. "पुस्तकात माणूस सारीकडं थांबत नाई. एका-दोन जागीच थांबते. मंग थे पान ढिलं होते."

हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या गावात एक सार्वजनिक वाचनालय आहे आणि ते तिथले ग्रंथपाल होते. गावात त्यांना भाऊ म्हणत. मी काका म्हणायचे, कारण माझ्या पप्पांच्या सरकी-ढेपेच्या दुकानात ते अधूनमधून येऊन बसायचे आणि लहानपणापासून तेच नातं ठरलेलं होतं. बी.एस्सी. झाल्यावर मी स्पर्धा परीक्षेला बसायचं ठरवलं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. गावाच्या भाषेत कॉन्व्हेंट. मराठीचा पेपर सोडून मी बाकी सगळ्याचा अभ्यास करायचे. पप्पा म्हणाले, "भाऊजवळ जाऊन बस. वाचशील तं मराठी येईन." एवढ्यावर मी वाचनालयात रोज सकाळी जाऊ लागले.

त्यांचं नमस्कार म्हणणं वेगळं होतं. कोणीही आत आलं की ते मान वर न करता विचारायचे, "घरचे सारे उभे?" म्हणजे कोणी आजारी, अंथरुणावर नाही ना. येणाऱ्यांना सवय होती. "उभे हाय, भाऊ," म्हणून ते वर्तमानपत्राकडे वळायचे. मला मात्र त्या प्रश्नाला पटकन उत्तर देता यायचं नाही. आमच्या घरी पप्पा आणि मी, दोघं उभेच होतो. आई मी अकरावीत असताना गेली होती.

माझ्याशी बोलताना ते मला नावानं हाक मारत नसत. "काऊन वो कॉन्व्हेंट, आज उशीर?" असं चालायचं. मला राग येत नसे. आपल्याबद्दल कोणी फार विचारू नये असं ज्यांना वाटतं, त्यांना असली टोपणनावं सोयीची पडतात.

फाटलेली पुस्तकं ते स्वतः बांधायचे. मागच्या खोलीत स्टोव्हवर मैद्याची खळ शिजवायचे आणि झाली की नाही हे बोटावर घेऊन चाखून बघायचे. एकदा त्यात मीठ टाकून खाल्ली होती, असं त्यांनीच सांगितलं. कुठल्या लेखकाचं काय, कुठली आवृत्ती, पारितोषिक मिळालं का, यात त्यांना अजिबात रस नव्हता. कादंबरीचा शेवटही पुष्कळदा त्यांना माहीत नसे. विचारलं तर म्हणायचे, "तिथपर्यंत गेलो नाई मी."

त्यांना फक्त ढिली झालेली पानं माहीत होती. आणि त्या पानांबद्दल त्यांनी एक गोष्ट हेरली होती, जी मी आधी खोटी मानली आणि मग स्वतः चाळीसेक पुस्तकं टेबलावर पाडून पाहिली. दुःखाच्या कादंबऱ्या आमच्याकडे सगळ्यात जास्त जायच्या. पण त्यात मरणाचं पान कोरं असायचं. लग्नाचं पानही बहुधा कोरं. हळदीची बोटं, तेलाचा डाग, चहाचं गोल वर्तुळ, हे सगळं असायचं ते कोणीतरी कोणाच्या कपाळावर ओली पट्टी ठेवतंय त्या पानावर. कोणीतरी मांडीवर डोकं घेऊन पेज भरवतंय तिथं. जखम धुतंय तिथं. चारशे पानांच्या हालअपेष्टांत अशी दोन-तीनच पानं असायची, आणि पुस्तक तिथंच उघडायचं.

"काऊन असंन?" ते मला विचारायचे. मी खांदे उडवायचे.

मला उत्तर माहीत नव्हतं, पण प्रश्न चांगलाच माहीत होता. मी तेव्हा फोनवर इंग्रजीत गोष्टी वाचायचे. पुस्तकं नव्हेत, कुठकुठल्या अनोळखी मुलींनी लिहून इंटरनेटवर टाकलेल्या लांबलचक गोष्टी. त्यात कोणीतरी जखमी व्हायचं, तापानं फणफणायचं आणि ज्याच्याकडून अपेक्षा नाही असं कोणीतरी रात्रंदिवस उशाशी बसायचं. बाकी कथानक मी अंगठ्यानं वर सरकवून टाकायचे. बसण्याचा भाग दोनदा, तीनदा वाचायचे. ही माझी एकटीची खोड आहे आणि ती जरा लाजिरवाणी आहे, असं मला वाटायचं. कोणी जवळ आलं की मी स्क्रीन पालथी घालायचे. वाचनालयातल्या त्या डागाळलेल्या पानांनी मला पहिल्यांदा कळवलं की आमच्या गावातल्या निम्म्या बायका, आणि काही पुरुष, हेच करत होते.

त्यांतली एक बांगड्यांच्या दुकानातली वहिनी. बाजाराच्या दिवशी दुकान सासूवर टाकून पंधरा मिनिटांसाठी यायची आणि उभ्याउभ्याच सांगायची, "भाऊ, एखादं बिमारीचं द्या."

"परवा नेलं थे झालं काय?"

"झालं. पण त्यातली बाई लवकर बरी झाली." मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "खरं सांगू काय ताई, मले तं वाटते पंधरा दिवस टायफॉइड व्हावा. पडून राहावं मस्त. कोणी तरी ऊन ऊन खिचडी आणावी, म्हणावं, उठू नको, मी हाय."

"टायफॉइड झाला तरी खिचडी तुलेच मांडा लागन," काका पुस्तक शोधता शोधता म्हणाले.

"म्हणून तं पुस्तक नेतो न भाऊ!" वहिनी हसली. तिच्या हसण्यात काही खोट नव्हती. ती गेल्यावर काकांनी तिनं परत आणलेलं पुस्तक टेबलावर पाडून पाहिलं.

मग म्हणाले, "सारे असंच म्हणतात. ज्याले कोणी पाह्यलं नाई, तो वाचते. मले नाई पटत. ज्यानं पाह्यलं नाई, तो जास्त वाचते."

आमच्याकडे एखाद्याला पाहणं म्हणजे त्याचं दुखणं-खुपणं काढणं. मला अर्थ लागायला वेळ लागला नाही. मी वहीत डोकं घातलं.

"माही माय गेली तवा मी हिंगणघाटले पिक्चर पाहून राह्यलो होतो," ते म्हणाले. "तीन दिवसांपासून तिच्याजवळ बसून होतो. बहीण म्हणाली, जाऊन ये जरा, पाय मोकळे कर. गेलो." ते थांबले. "पिक्चर चांगला होता."

हे त्यांनी इतक्या सरळ सांगितलं की हसावं की काय करावं ते कळेना. मी काहीच केलं नाही. मी नेहमी तेच करते.

आता माझं सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही. आई आठ महिने अंथरुणावर होती. पप्पांनी एक मावशी ठेवल्या होत्या, त्या सगळं करायच्या. घरातले सगळे म्हणायचे, पोरीचा अभ्यास होऊ द्या, तिला यात ओढू नका. मी कॉलेजातून यायचे, दप्तर ठेवायचे आणि आईच्या खोलीच्या दारात उभी राहायचे. आत जायचे नाही. आईला हात लावला तर काहीतरी दुखेल, माझं काहीतरी चुकेल, असं वाटायचं. हे एक कारण. दुसरं असं की मला वास सहन होत नव्हता. आणि अभ्यासाचं निमित्त मिळालं म्हणून मला मनातून सुटल्यासारखं झालं होतं. आई कधीकधी माझ्याकडे बघून हसायची. ये म्हणायची नाही. तिलाही वाटत असेल, पोरीचा अभ्यास होऊ दे. आठ महिन्यांत मी तिला एकदाही भरवलं नाही, की तिचे पाय दाबले नाहीत.

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. काकांनाही नाही. पण ठिपका द्यायची नजर असलेल्या माणसापुढं काही न सांगताही बरंच सांगितलं जातं.

कादंबऱ्यांचं कपाट त्यांनी आपल्या पद्धतीनं लावलं होतं. विषय नाही, लेखकाचं नाव नाही, नंबर नाही. फळ्यांवर स्केच पेननं लिहिलेल्या चिठ्ठ्या होत्या: आईनं. सुनेनं. बहिणीनं. नोकरानं. परक्यानं. म्हणजे त्या पुस्तकात आजाऱ्याची सेवा कोणी केली त्याप्रमाणे. सगळ्यात जास्त मागणी 'परक्यानं'ला. 'नवऱ्यानं' अशीही एक चिठ्ठी होती आणि तिथं दोनच पुस्तकं होती. "आन त्यातलं एक तं मी जबरदस्तीनं बसवलं," ते म्हणायचे. "तो नुसता डॉक्टरले फोन करते."

आता ते कपाट तसं नाही. मी नोकरीसाठी नागपूरला आले त्याला बरीच वर्षं झाली. मागच्या दिवाळीत वाचनालयात डोकावले, तर लोखंडी नवी कपाटं होती, पुस्तकांवर छापील नंबर होते आणि टेबलावर संगणक. काकू, म्हणजे काकांची बायको, दोन पावसाळ्यांपूर्वी गेल्या. काका मुलीकडे अमरावतीला राहतात. मी फोन केला, तेव्हा "घरचे सारे उभे?" असंच म्हणाले आणि मी "उभे आहेत" म्हटल्यावर थोडं हवापाण्याचं बोलून आम्ही फोन ठेवला. मला त्यांच्याशी बोलायचं नव्हतंच बहुतेक. मला त्या टेबलाशी बसायचं होतं. आजही नागपुरात जुन्या पुस्तकांच्या दुकानात कोणी बघत नाहीसं बघून मी एखादी कादंबरी शिवणीवर उभी करते आणि हात सोडते. उघडलेलं पान वाचते. पण "हं" म्हणणारं कोणी नसतं.

मी वाचनालयात जायचे तेव्हा काकूंना लकवा मारून चार वर्षं झाली होती. डावी बाजू गेली होती, जीभ जड झाली होती, पण शब्द धारदार होते. काका सकाळी त्यांचं सगळं आवरून यायचे, साडेअकराला घरी जाऊन भरवून परत यायचे. संध्याकाळी त्यांना ती ढिली पानं वाचून दाखवायचे. कौतुकासाठी नव्हे. काकू चुका काढायच्या. "चार दिवस बसली म्हणते उशाशी, तिची कंबर नाई दुखली काय?" किंवा, "चादर कोण धुतली थे लिहिलं नाई त्यानं." काका दुसऱ्या दिवशी हे मला तक्रारीच्या सुरात सांगायचे आणि त्यांचा चेहरा उजळलेला असायचा.

मग तपासणी आली. वाचनालयाच्या तपासणीला वर्ध्याहून एक साहेब आले. काकांना आदल्या दिवशीच कळलं होतं, पण त्यांनी एकही चिठ्ठी काढली नव्हती. साहेब भले होते. कपाटापुढं उभे राहून त्यांनी एकेक फळी वाचली आणि मग 'परक्यानं'मधून एक पुस्तक ओढलं. ते गुरांच्या रोगांवरचं होतं.

"हे कादंबऱ्यांत काऊन हो?"

"थे पान पहा न साहेब," काका मनापासून म्हणाले. "वासराले पोत्यानं शेकते तो माणूस. रातभर. वासरू त्याचं नाई, शेजाऱ्याचं हाय."

साहेबांनी पान पाहिलं. खरंच वाचलं त्यांनी. मग पुस्तक मिटून म्हणाले, "भाऊ, हे सगळं मी असं लिहून नेलं तर तुमचं अनुदान जाईल. आज बसून नीट लावून घेऊ. मी थांबतो."

साडेअकरा वाजत आले होते. काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे.

"कॉन्व्हेंट, जा. काकूले जेवू घालून ये. भात-वरण झाकून ठेवलं हाय. भात कुस्करजो."

"काका, मला नाही येत."

"येते. एवढं वाचलं हाय तू."

घर मागच्याच गल्लीत होतं. दार नुसतं लोटलेलं. काकू खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "हे मेले काय?"

"नाही काकू, तपासणी आहे."

"मंग ठीक."

मी हात धुतले, भात कुस्करला, त्यांच्या गळ्याशी टॉवेल लावला. वाचलेल्या सगळ्या गोष्टी मला पाठ होत्या. चमचा भरून मी तो तोंडाशी नेला आणि फुंकर घातली.

"फुंकू नको माय, थुंकी उडते," काकू म्हणाल्या. "आन एवढा मोठा घास? मी बैल हाय काय?"

दुसरा घास मी डाव्या बाजूनं दिला. तो बाहेर आला. "तिकडून मेली हाय मी. इकडून दे." तिसरा सांडला. वरण त्यांच्या हनुवटीवरून मानेत गेलं आणि मी टॉवेलनं पुसताना जोरात पुसलं. त्या कण्हल्या. मला वाटलं होतं तेच झालं होतं: मी हात लावला आणि दुखलं. मी ताट खाली ठेवलं.

"झालं?" काकू म्हणाल्या. "अर्धंच पोट भरलं माहं."

"मी काकांना बोलावते."

"तुह्या काकानं पहिल्या दिवशी माह्या नाकात दूध घातलं होतं. पुस्तकात पाहून नाई शिकला तो. माह्या शिव्या खाऊन शिकला. उचल ताट."

मी उचललं. हळूहळू जमलं. म्हणजे नीट नाही, पण भात त्यांच्या पोटात गेला. मध्ये त्यांनी सहज विचारलं, "तुह्या आईले कोण भरवे?"

"मावशी होत्या. ठेवलेल्या."

"आन तू?"

"मी दारात असायचे."

वाटलं, त्या आता काहीतरी समजुतीचं बोलतील. पण त्यांनी घास गिळला आणि म्हणाल्या, "किती खाये ती?"

"चार चमचे. पाचव्याला तोंड फिरवायची."

"पाणी?"

"कोमट. थंड पाण्यानं ठसका लागायचा तिला."

"कोणत्या कुशीवर निजे?"

"उजव्या. पाठीमागं उशी लागायची, पण जाड नाही, जुनी पातळ होती ती. दुपारी पाय आखडायचा. मावशी टाचेला धरून सरळ करायच्या, तिला ते आवडायचं नाही. ती बोलायची नाही, पण डोळे मिटून घ्यायची." मी बोलतच होते. इतकं मी त्या आठ महिन्यांत, आणि नंतरही, कोणाशी बोलले नव्हते.

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. "तुले तं सारं माईत हाय."

"माहीत होतं," मी म्हटलं. "केलं नाही."

खोलीत पंखा चालू होता. बाहेर कोणीतरी सायकल भिंतीला टेकवल्याचा आवाज आला. काकूंनी "असू दे" म्हटलं नाही. मला अजून त्यांचे आभार मानावेसे वाटतात, त्या तसं म्हणाल्या नाहीत म्हणून. त्या म्हणाल्या, "माहा पाय आखडला हाय. उचल."

मी खाटेच्या पायथ्याशी गेले. चादर बाजूला केली. पाय बारीक होता, कातडी चकचकीत, नखं काकांनी नुकतीच कापलेली. मी टाचेकडे हात नेला.

"टाचेले धरू नको." काका दारात आले होते. घामेजलेले, हाताला कपाटातली धूळ. ते आत आले नाहीत, माझ्या हातातून काम घेतलं नाही. "पोटरीखालून घे. एक हात गुडघ्याखाली. हां. आता उचल."

मी उचलला. काकूंनी डोळे मिटले नाहीत. पाय दिसत होता त्यापेक्षा खूप जड होता. काका हळू आवाजात म्हणाले, "जड लागते न? सारा भार टाकून देते ती. भरोसा असला म्हणजे पाय जड लागते."

मी तो बराच वेळ हातांवर धरून राहिले. आईचा पाय किती जड लागला असता, ते मला माहीत नाही. बाकी सगळं माहीत आहे.